टोकदार कमान आणि चौकोनी शटर

नाही, पण मी काय म्हणतो, चांगल्या सरळ दाराला टोक काढायची गरजच काय होती? दार कसं असतं? चौकोनी असतं. माणूस आत येतो, माणूस बाहेर जातो, विषय संपला! इतकी वर्षं माझ्या चष्म्याच्या दुकानाचं दार चौकोनी होतं, एका गिऱ्हाइकानं कधी तक्रार केली नाही की चष्मेवाले, तुमचं दार वर जाऊन निमुळतं का होत नाही हो! लोक आत येताना दाराकडे बघतच नाहीत. मुळात बघता येत नाही म्हणूनच तर माझ्याकडे येतात ना!

पण नाही. आमच्या मालकीणबाईंचा भाचा आला. आर्किटेक्ट. गळ्यात मफलर, हातात मापाची टेप, आणि कुठंही उभा राहिला की आधी वर बघणार. तुम्हाला सांगतो, जो माणूस समोर न बघता वर बघतो ना, त्याच्यापासून चार हात लांब राहावं. तो आला, रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला, एक डोळा मिटला, अंगठा पुढे धरला आणि म्हणाला, "काका, ही इमारत आपण गॉथिक करतोय."

आता हे कसं सांगितलं माहितीये? "काका, चहा सांगतोय" म्हणावं तसं! मी म्हटलं, बाबा रे, गॉथिक म्हणजे काय? तर तो माझ्याकडे बघून हसला. दयेनं हसला! म्हणाला, "गॉथिक म्हणजे गॉथिक, काका." आणि गेला टेप घेऊन माझ्या मागच्या खोलीत. जिथं मी काचा घासतो तिथं. मी काचा पुसतोय, कान तिकडे. आणि हा फोनवर कुणाला तरी सांगतोय, "हो हो, चार टेबलं आरामात बसतील..."

चार टेबलं! चष्म्याच्या दुकानात चार टेबलं कशाला लागतात हो? हातातली काच मी खाली ठेवली. कारण माझा करार संपत आला होता. जागा मालकीणबाईंची, दुकान माझं. आणि ही जागा गेली तर या वयात मी दुसरीकडे कुठं जाणार? काच घासायचं मशीन डोक्यावर घेऊन गल्लोगल्ली फिरणार? तेव्हाच मी मनाशी म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

घरी आलो, हिला सांगितलं. ही म्हणाली, "अहो, तुम्हाला ना, सरळ माणूस दिसतच नाही." मी म्हटलं, सरळ माणूस दाराला टोक काढत नाही! तर म्हणाली, "जेवा."

झालं, आठवड्याभरात काम सुरू. बांबू लागले, पोती आली, आणि माझ्या दुकानावर अशी उभी, टोकदार, हात जोडल्यासारखी कमान आली. भाचा आला समजावून सांगायला. "काका, टोकदार कमानीचा फायदा माहितीये? भार सरळ खाली उतरतो. भिंतीवर ओझं येत नाही. मग भिंत पातळ करा, उंचच उंच खिडक्या ठेवा, आत प्रकाशच प्रकाश! बाहेरून तिरपे टेकू दिले की झालं." बोलणं ऐकून मला क्षणभर पटलंच हो. पोरगं शिकलेलं आहे, म्हटलं. पण हात काही स्वस्थ बसेना. कमानीवर टिचकी मारली. टक टक... पोकळ! आत जाळी, वर प्लास्टर, आणि सगळं तारेनं मूळच्या भिंतीला बांधलेलं! अरे, ही कमान भार कसला उतरवते? हिचाच भार ती बिचारी म्हातारी भिंत उचलतेय!

आणि वर छपराच्या कोपऱ्यात एक राक्षस बसवला. जबडा वासलेला. म्हटलं, हे कोण आलं? तर म्हणे पावसाचं पाणी त्याच्या तोंडातून बाहेर पडतं, जुन्या गॉथिक इमारतींवर असतात. बरं, पडू दे. पण कुठं पडतं? बरोबर माझ्या पायरीवर! गिऱ्हाईक चष्मा घालून बाहेर पडलं रे पडलं की राक्षस त्याच्या नव्या काचांवर गुळणी टाकतो. मी म्हणालो ना, पाणी मुरतंय!

आणि मग खरी मेख. भाचा माझ्या शटरकडे बघतोय, मान हलवतोय. "काका, तुमचं शटर चौकोनी आहे. गॉथिकमध्ये बसत नाही." बसत नाही म्हणजे? मी म्हटलं, कमान नंतर आली, शटर आधीचं आहे, तर न बसणारं कोण? तर म्हणाला, "आणि पाटीसुद्धा. शेजारच्या न्हाव्यालाही तेच सांगितलंय. नवा करार हवा असेल तर पाटी गॉथिक पाहिजे. मावशीनं स्वतः बघून पसंत केली तरच सही." ऐकलंत? आज शटर बसत नाही, पाटी बसत नाही, उद्या म्हणेल काका, तुम्हीच बसत नाही!

तेव्हा मी ठरवलं. ही लबाडी पकडायची. कशी? तर आधी हे गॉथिक म्हणजे काय ते दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घ्यायचं. वकील नाही का साक्षीदारांना वेगवेगळं विचारतो? तसं.

गेलो पेंटरकडे. पाट्या रंगवतो. म्हटलं, पेंटरसाहेब, गॉथिक येतं का? म्हणाला, "न यायला काय झालं? कुठलं पाहिजे? काळं की उघडंबोडकं?" मी हादरलो! म्हटलं दोन असतात? तर त्यानं नमुने काढले. एक काळं. काय सांगू तुम्हाला, प्रत्येक अक्षराला काटे, भाले, आकडे, एकमेकांना इतकी खेटून की मधे सुई जायची नाही. आपली गोल गरगरीत मराठी अक्षरं, त्यांना चारी बाजूंनी तासून कुंपण केलेलं! म्हणाला, "हे पूर्वी पोथ्या उतरवणारे लेखनिक लिहायचे, जागा वाचवायला. टाक असा तिरपा धरायचा." आणि दुसरं? दुसरं एकदम साधं. ना शेपूट, ना कोपऱ्याला नखरा, एकसारख्या जाडीच्या रेघा, रस्त्याच्या पलीकडून आंधळ्यानं वाचावं असं. "हेही गॉथिकच. छापखान्याचे अक्षरांचे खिळे पाडणाऱ्यांनी नाव ठेवलं." मी म्हटलं, अहो, पण हे त्याच्या बरोब्बर उलटं आहे! एक वाचता येत नाही आणि एक न वाचता राहवत नाही, दोघांना एकच नाव कसं? तर ब्रश झटकत म्हणतो, "मला काय विचारता, चष्मेवाले? मी रंगवतो. बारसं मी केलं नाही."

बघा! कमान म्हणजे गॉथिक, काटे म्हणजे गॉथिक आणि काटे नसले तरी गॉथिक! अहो, जो माणूस तीन ठिकाणी एकच नाव सांगतो आणि तीन ठिकाणी वेगळा दिसतो, त्याला पोलीस काय म्हणतात?

मग गेलो वरच्या मजल्यावर. तिथं एक निवृत्त प्राध्यापक राहतात, जुन्या भाषांचे. जिना चढताना म्हटलं, हा माणूस खरं बोलेल, याला कुणाशी देणंघेणं नाही. विचारलं, सर, गॉथिक म्हणजे काय? सरांचे डोळे असे पेटले! कित्येक वर्षांत त्यांना कुणी काही विचारलंच नसावं. "बसा!" म्हणाले. आणि मी बसलो, हीच माझी चूक. "गॉथिक ही भाषा आहे!" मी म्हटलं, झालं... चौथं निघालं!

"भाषा?" "भाषा! गॉथ नावाच्या टोळ्या होत्या, त्यांची. त्यांच्या एका धर्मगुरूनं त्या भाषेसाठी लिपी तयार केली, धर्मग्रंथाचा अनुवाद केला, आज जी भाषा उरलीय ती बरीचशी त्यातच." म्हटलं, ही लिपी म्हणजे पेंटरची ती काटेरी? "छे छे! त्या लिपीचा आणि काटेरी अक्षरांचा काडीचा संबंध नाही." बरं, मग कमानी तरी त्यांच्या? "मुळीच नाही! गॉथ लोकांनी तसली एक कमान बांधली नाही. ते संपल्यावर कित्येक शतकांनी आल्या त्या." मग नाव? "ती शिवी होती! नंतरच्या काळात ज्यांना जुन्या गोल कमानी आवडायच्या, त्यांना ही टोकं बघवेनात. म्हणाले, हे काय रानटी काम, अगदी गॉथांसारखं! अक्षरांचंही तेच. चिकटलं नाव." मी घाम पुसला. म्हटलं, आणि ही भाषा आता कोण बोलतं? सर म्हणाले, "कुणीच नाही." मग तुम्ही कुणाशी बोलता? तर सरांनी समोरचं पुस्तक मिटलं. मग हळूच म्हणाले, "म्हणून तर म्हटलं, बसा." आणि मला डोळ्याला काय म्हणत ते शिकवलं. औगो. निघताना दारापर्यंत आले, म्हणाले, "तुमच्या धंद्यातला शब्द आहे, विसरू नका." कसा विसरेन?

पण खाली येता येता माझं डोकं भणभणलं हो! नीट ऐका. ज्यांचं नाव आहे त्यांनी ते बांधलं नाही. ज्यांनी बांधलं त्यांनी ते नाव ठेवलं नाही. ज्यांनी ठेवलं त्यांनी शिवी म्हणून ठेवलं. आणि ज्यांची भाषा आहे ते हयात नाहीत, म्हणजे साक्षीला कुणी यायचा प्रश्नच नाही! नाव एकाचं, काम दुसऱ्याचं, शिवी तिसऱ्याची, आणि बाहेर निघायचं कुणी? चष्मेवाल्यानं! आता तुम्हीच सांगा, पाणी मुरतंय की नाही?

मी पेंटरला सांगितलं, दोन्ही रंगवा. काळीही करा, उघडीबोडकीही करा, दोन्हीवर लिहा 'चष्म्याचं दुकान'. भाच्यानं एकीला नाही म्हटलं की दुसरी पुढे करायची, आणि दोन्हींना नाही म्हटलं की मालकीणबाईंसमोरच विचारायचं, मग गॉथिक म्हणजे काय ते एकदा सांग ना! असा सापळा लावला.

ठरल्या दिवशी मालकीणबाई आल्या. तुम्ही त्यांना पाहिलं नाहीत. पांढरेशुभ्र केस, ताठ पाठ, काठीबिठी काही नाही, आणि चष्मा तर नाहीच! सगळ्यांना सांगतात, "आमच्या घराण्यात कुणाला चष्मा लागला नाही." मला तर तोंडावर सांगतात, मी चष्मे विकतो म्हणून अजून जोरात सांगतात. भाचा हाताला धरून घेऊन आला. प्राध्यापकही उतरले, म्हणाले मी बघायला येतो. पेंटरनं घाईघाईनं दोन पाट्या आणून भिंतीला टेकवल्या, वरचा कागद काढला आणि गाडी लावायला गेला.

मालकीणबाई काळ्या पाटीसमोर उभ्या राहिल्या. आणि बाई खणखणीत आवाजात वाचतात, "चष्म्याचं दुकान! वा! काय स्वच्छ अक्षर आहे!" भाचा म्हणाला, "अप्रतिम, मावशी." प्राध्यापकांनी मान डोलावली. मीही डोलावली. मला वाचता येत नव्हती, पण पेंटरचे नमुने बघितल्यापासून मला तर वाटत होतं की माझा स्वतःचा नंबर वाढलाय, दोनदा काच बदलली मी! मी वाकून बघितलं. आणि अहो, कोपऱ्यातल्या वेलबुट्टीत... कात्री! बाजूला कंगवा! चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवर कात्री कशाला? मी बोट ठेवून एकेक अक्षर सोडवलं. के... श... क... केशकर्तनालय! शेजारच्या न्हाव्याची पाटी! पेंटरनं स्वतः रंगवली आणि त्यालाच वाचता आली नाही, आणली उचलून!

आता विचार करा. आम्हाला कुणालाच वाचता आली नव्हती, मान्य. पण आम्ही माना डोलावल्या. बाईंनी वाचली! जे लिहिलेलंच नव्हतं ते वाचलं! आणि हे मी ओळखतो हो, दुसरं काही ओळखत नसेन, पण हे ओळखतो. माझ्याकडे डोळे तपासायला येतात ना, त्यातला एक तरी असा असतोच, बाहेर बाकावर बसून पहिल्याचं ऐकून भिंतीवरचा तक्ता पाठ करतो, खुर्चीत बसला की धाडधाड म्हणून दाखवतो. अक्षरं बघून वाचणारा माणूस अडखळतो. पाठ केलेला अडखळत नाही! म्हणून तर मी दुसरा तक्ता दाराआड ठेवलाय. म्हटलं, बाई, ही दुसरी बघा. उघडीबोडकी, हातभर अक्षरं. बाई म्हणाल्या, "हीही तेच म्हणते, पण फारच बारीक काढलंय रे." हातभर! आणि मग वळून काउंटरवरच्या प्लास्टरच्या मुंडक्याला, ज्यावर मी फ्रेम लावून ठेवतो त्याला, म्हणाल्या, "आणि तुम्ही का गप्प? बोला की."

तुम्हाला सांगतो, जीभ अशी शिवशिवत होती! भाचा समोर. एक वाक्य बोललो असतो, बाई, ही न्हाव्याची पाटी आहे, तर त्याचा सगळा डाव उधळला असता. पण बाईंचा हात बघितला. भाच्याच्या बाहीला असा घट्ट धरलेला, बोटं पांढरी पडलेली. आणि मी म्हटलं, "छान आहे, ही काळीच लावतो." लावली! माझ्या दुकानावर न्हाव्याची पाटी मी माझ्या हातानं लावली! न्हाव्याला माझी काळी गेली, त्यानं खुशाल लावली, त्यालाही कळलं नाही! बरं, लोकांना? शून्य! उलट लोक थांबतात, बघतात, डोळे चोळतात, मागे सरकतात, आणि घाबरून आत येतात, "चष्मेवाले, जरा डोळे बघा हो, समोरचं दिसेना झालंय." धंदा वाढला! ही म्हणाली, "बघा, उगाच संशय घेत होतात." काय सांगू हिला? आता पाणी मुरत होतं ते माझ्याच पाटीखाली!

त्या पाटीच्या दिवशी बाई निघाल्या तेव्हा मी त्यांच्या कानाशी म्हटलं, उद्या दुपारी मागच्या दारानं या. आल्या. शटर अर्धं ओढलेलं. खुर्चीत बसल्या आणि तक्ता न बघताच सुरू! मी दाराआडचा काढून लावला. बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "कुणाला सांगू नका. त्याला कळलं तर म्हणेल मावशीला दिसत नाही, कारभार मीच बघतो. आत्ताच तो बोट ठेवतो तिथं मी सही करते." अहो, इतका वेळ मी संशय कुणावर घेत होतो, आणि ही बाई स्वतःच्या घरात चाचपडत होती! वाईट वाटलं मला. खरंच वाईट वाटलं. म्हटलं, बाई, असा चष्मा करून देतो की मुंगीच्या मिशा मोजाल. बाईंनी माझा हात धरला, म्हणाल्या, "तुमच्यासारखा उमदा माणूस मी घालवेन होय? दहा वर्षांचा करार करते. स्वतः वाचून, स्वतः सही करते." दहा वर्षं! मी त्या दिवशी काच घासताना गाणं म्हणत होतो.

चष्मा झाला. बाईंनी घातला. रस्त्यावर आल्या, आधी पाटीकडे बघितलं. "अहो, मला अजून दिसत नाही!" मी म्हटलं, बाई, ती कुणालाच दिसत नाही. मग मान वर केली. कमान बघितली. टोकं बघितली. राक्षस बघितला, राक्षसानं बाईंना बघितलं. आणि मग जी हाक मारली भाच्याला! "अरे, माझ्या घराला शिंगं कुणी फोडली? उतरव हे सगळं! आणि त्या थुंकऱ्याला आधी!" भाचा म्हणतो, "मावशी, गॉथिक..." बाई म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यानं सरळ घर बांधलं होतं!" प्राध्यापक वरच्या खिडकीतून म्हणाले, "बघा, पुन्हा शिवीच ठरली!" आणि चार टेबलं? विचारलंच मी. भाचा रडकुंडीला आला, म्हणाला, "काका, ती वरच्या रिकाम्या खोलीसाठी होती, माझ्या ऑफिसची. वरच्या भिंती तुमच्या भिंतींवरच सरळ येतात, म्हणून माप खाली घेतलं." म्हणजे पाणी मुरतच नव्हतं हो! पोरगं नुसतं हौशी होतं!

मग बाई माझ्याकडे आल्या. हातात कराराचे कागद, नाकावर माझा चष्मा. एकेक ओळ वाचली, दहा वर्षांवर बोट ठेवलं, पेनाचं टोपण काढलं, आणि सही करायच्या आधी एकदा, कौतुकानं, मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझे केस बघितले. म्हणजे जे आहेत ते. गालाच्या सुरकुत्या, मानेची सुरकुती, वाकलेला खांदा, सगळं सावकाश, नव्या काचेतून, कडेकडेनं बघितलं.

"अगंबाई," म्हणाल्या, "तुम्ही एवढे... मी आपली समजत होते..." आणि दहा खोडून पाच केलं.

आता मी तक्रार कुणाकडे करू? नंबर मीच काढलेला... आणि तुम्हाला सांगतो, काय अचूक निघालाय!